नोकरी सांभाळून व्यसनमुक्तीचे उपचार : वाचकांचे प्रश्न

दवाखान्यात भरती न होता, कामावर जात-येत व्यसनावर उपचार घेता येतात का, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली काही इथे घेतली आहेत. पत्रलेखक ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. औषधांची मात्रा समजण्यापुरती दिली आहे. तुमची मात्रा तुम्हाला तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : मी हिशेबाच्या कामात आहे. बरीच वर्षं रोज संध्याकाळी दारू पितो. अलीकडे सकाळी हात थरथरतात, म्हणून कामावर निघण्याआधीही थोडी घ्यावी लागते. डॉक्टर म्हणाले, ओपीडीतून उपचार होऊ शकतील. रजा फारशी शिल्लक नाही. शुक्रवारी रात्री शेवटची घेऊन शनिवार-रविवार कसेबसे काढले आणि सोमवारी कामावर गेलो, तर चालेल का?

उत्तर : कृपा करून असं करू नका. रजा वाचते म्हणून हा बेत सोयीचा वाटतो, पण त्यात सगळ्यांत धोक्याचे तास नेमके ओपीडी बंद असताना येतात.

सकाळची थरथर थांबवायला दारू लागते, याचा अर्थ शरीर तिच्यावर अवलंबून आहे. ती एकदम बंद झाली की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते आणि झोप उडते. त्रासाचा जोर साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान असतो. फिट यायची असेल तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. वेळकाळाचं भान सुटणं, नसलेली माणसं किंवा किडे दिसणं, ताप, प्रचंड घाम असा वाताचा, म्हणजे भ्रमाचा, प्रकार दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उद्भवतो. वेळीच दवाखाना गाठला नाही तर त्यात जीव जाऊ शकतो. शुक्रवारी रात्री ९ वाजता शेवटचा घोट घेतला, तर सोमवारी सकाळी ९ वाजता ६० तास झालेले असतील. म्हणजे धोका टळायच्या आत तुम्ही खुर्चीत बसून आकडे जुळवत असाल.

डॉक्टरांशी बोलून आठवड्याची सुरुवात धरा. सोमवारी सकाळी ओपीडीत हजर राहायचं, सोमवार ते शुक्रवार रजा टाकायची, पुढचे शनिवार-रविवार आपसूक मिळतात. पाच रजांत सात दिवस होतात आणि पहिले पाचही दिवस डॉक्टर जागेवर असतात. मधल्या काळात, भेटीची तारीख येण्याआधी, स्वतःच्या मनाने दारू एकदम तोडू नका. तारीख लांबची असेल तर ती अलीकडे घ्या, आणि फोनवर सकाळच्या थरथरीबद्दल सांगा.

या सात दिवसांत बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात. पहिल्या दिवशी मात्रा जास्त, मग रोज उतरती, आणि ५ ते ७ दिवसांत बंद. लिव्हर खराब असेल तर लोरॅझेपाम किंवा ऑक्झॅझेपाम निवडतात, कारण ती शरीरात साचून राहत नाहीत. पहिले तीन-चार दिवस रोज नाडी, रक्तदाब आणि थरथर तपासून घ्यायची असते. हे चुकवू नका. मात्रा कमी पडतेय की जास्त होतेय, ते तिथेच कळतं. गोळ्यांचं पाकीट घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा. गोळ्या चालू असताना गाडी चालवायची नाही. आणि गोळीवर दारू घेतली तर श्वास मंदावतो, म्हणून त्या दिवसांत घरात बाटली नको. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, पहिल्या दिवसापासून हवं. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात त्याचा साठा संपलेला असतो आणि त्यामुळे डोळ्यांची हालचाल, तोल आणि स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. उलट्या होत असतील तर ते इंजेक्शनने घ्यावं लागतं.

पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल, भ्रम झाला असेल, झोपेच्या गोळ्यांचीही सवय असेल, हृदयाचा किंवा लिव्हरचा मोठा आजार असेल, जीव द्यायचे विचार येत असतील, किंवा रात्री घरात सोबतीला कोणीच नसेल, तर ओपीडीचा हट्ट सोडा आणि भरती व्हा. डॉक्टरांना रोजचं खरं प्रमाण सांगा. संकोचाने निम्मं सांगितलं तर औषधही निम्मंच मिळतं.

आठव्या दिवशी कामावर गेलात तरी झोप पुढचे काही आठवडे तुटक राहील आणि लक्ष पटकन विस्कटेल. तेव्हा पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे आकडे कोणाकडून तरी पुन्हा पडताळून घ्या, आणि वर्षअखेरीच्या हिशेबाच्या तोंडावर उपचार सुरू करू नका. तलफ कमी करण्यासाठी नंतर नाल्ट्रेक्सोन देतात, सहसा ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. दुसरा पर्याय ॲकॅम्प्रोसेट : ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. नोकरी करणाऱ्यांची दुपारचीच गोळी राहून जाते, म्हणून दोन दिवसांच्या गोळ्या डब्याच्या पिशवीत कायम असू द्या. निवड मात्र सोयीवर ठरत नाही. नाल्ट्रेक्सोनआधी लिव्हर तपासतात, ॲकॅम्प्रोसेटआधी किडनी. शिवाय नाल्ट्रेक्सोन चालू असताना अफूवर्गातली वेदनाशामकं लागू पडत नाहीत. त्यामुळे 'नाल्ट्रेक्सोन चालू आहे' अशी चिठ्ठी पाकिटात ठेवा. अपघात झाला तर ती उपयोगी पडेल.

प्रश्न : मला आठवड्यातून तीन संध्याकाळी, दर वेळी तीन तास, असा कार्यक्रम सांगितला आहे. माझी शिफ्ट फिरती आहे. तीन आठवडे नीट गेले, आता दांड्या व्हायला लागल्या. इतके तास खरंच लागतात का? आता बरं वाटतंय, तर एकच दिवस ठेवला तर?

उत्तर : आठवड्याला ९ तास ही सघन बाह्यरुग्ण उपचारांची रूढ किमान मर्यादा आहे. त्याखाली आलात की तो साधा पाठपुरावा होतो. तुमच्यासाठी ९ तास ठरवले, कारण तपासणीत तेवढी गरज दिसली. ते कमी करायचे तर टप्प्याने, समुपदेशकांशी बोलून : आधी तीनाचे दोन दिवस, दोन-तीन आठवडे तग धरला की एक.

'बरं वाटतंय' हीच अडचणीची जागा आहे. शरीराचा त्रास संपलेला असतो, घरचे खूश असतात, कामावर मागे पडलेलं भरून काढायची घाई असते. पिणं पुन्हा सुरू व्हायच्या आधी पहिली सुटते ती ओपीडीची वेळ. एक बैठक ओव्हरटाइममुळे गेली, दुसरी थकव्यामुळे, तिसरीला जायची लाज वाटते. म्हणून आजच फोन करून सांगा, की दोन बैठका चुकल्या आहेत आणि शिफ्ट आड येते आहे. बऱ्याच ठिकाणी सकाळचा गटही असतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्यात बसता येईल का, विचारा.

कामावर मात्र निदान १२ आठवडे एकच पाळी मागा. फिरत्या पाळीने झोप रोज वेगळ्या वेळेला ढकलली जाते, आणि अपुरी झोप तलफ वाढवते. एकच पाळी मिळत नसेल तर निदान रात्रपाळी टाळून मागा. रात्रपाळी करावीच लागली तर औषधाची वेळ घड्याळावर न ठेवता झोपेला बांधा. झोप आणणारी गोळी कामाआधी घेतली जाणार नाही, एवढं डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या.

वेळ निवडताना एक गोष्ट बघा. तुमचा धोक्याचा तास कोणता? पुष्कळांचा तो काम सुटल्यावरचा पहिला तास असतो. रस्ता ठरलेला, सोबती ठरलेले. संध्याकाळची बैठक त्या तासावर बसली तर उत्तम, कारण तो तास मोकळा राहतच नाही. मात्र काम सुटणं आणि बैठक सुरू होणं यांत दीड-दोन तासांची पोकळी असेल, तर तीच पोकळी घात करते. तेव्हा बैठक लवकरची घ्या किंवा तो वेळ घरच्या माणसाबरोबर काढा. पोटात काही न घालता थेट कामावरून तीन तासांच्या गटात जाऊन बसू नका. भूक आणि थकवा एकत्र आले की तलफ हटकून येते. उलट, प्रवासाला लागणाऱ्या वेळेत वरची २० मिनिटं धरा. रोज धापा टाकत उशिरा पोचणारा माणूस पुढे यायचंच बंद करतो.

प्रश्न : साहेबांना किती सांगायचं? सध्या पाठदुखीचं कारण देतोय.

उत्तर : पाठदुखी सोडा. खोटं कारण दिलं की त्याचे कागद मागितले जातात, आणि ते पकडलं गेलं की प्रश्न आजाराचा न राहता शिस्तीचा होतो. खरं, पण मोजकं सांगा. साहेबांना निदान कळण्याची गरज नसते. तुम्ही कधी नसाल, किती दिवस, आणि काम कसं भरून काढाल, एवढं त्यांना हवं असतं. अर्ज असा लिहिता येईल :

'मी सध्या वैद्यकीय उपचार घेत आहे. पुढील १२ आठवडे सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवशी मला कामावरून ४० मिनिटे लवकर निघावे लागेल. हा वेळ मी मंगळवारी व गुरुवारी एक तास लवकर येऊन भरून काढीन. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.'

प्रमाणपत्रावर 'उपचार चालू आहेत, अमुक दिवशी अमुक वेळेला उपस्थिती आवश्यक आहे, कामास योग्य आहेत' एवढा मजकूर पुरतो. लेटरहेडवर 'व्यसनमुक्ती केंद्र' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असेल तर डॉक्टरांच्या साध्या लेटरहेडवर मागा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि एचआर असेल तर तिकडेही एक प्रत द्या. तोंडी परवानगी साहेब बदलले की संपते. तुमच्या कंपनीत कर्मचाऱ्यांसाठी गोपनीय समुपदेशन किंवा उपचारासाठी रजेचा नियम आहे का, तेही सेवानियमांत वाचून घ्या. अशा नियमाचा आधार घ्यायचा तर अर्ज आधी केलेला बरा. कामावर प्यालेलं आढळल्यानंतर केलेल्या अर्जाला फारसं वजन राहत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तिथे आम्ही कोणाचाही मुलाहिजा ठेवणार नाही. वाहन, क्रेन, प्रेस, उंचीवरचं काम, विजेचं काम, रुग्णांना औषधं देण्याचं काम करत असाल, तर झोप आणणारं औषध चालू असल्याचं कामावर कळवून तेवढ्या दिवसांसाठी दुसरं काम मागितलंच पाहिजे. निदान सांगू नका, हवं तर. 'या औषधाने गुंगी येते, यंत्रावर उभं राहायची मनाई आहे,' असं डॉक्टरांच्या सहीने द्या.

प्रश्न : माझा नवरा रंगकाम करतो. तो उपचाराला तयार नाही. दारू सोडवणारी डायसल्फिरामची गोळी त्याच्या नकळत जेवणातून द्यावी, असं शेजारच्या वहिनी म्हणतात. कामाचे खाडेही टळतील.

उत्तर : ताई, तुमची घालमेल समजते, पण नकळत ही गोळी कधीही देऊ नका. ती दारूची इच्छा कमी करत नाही. दारूचं शरीरात जे ॲसिटाल्डिहाइड होतं, ते पुढे मोडू न देता साठवून ठेवते. गोळीनंतर दारू पोटात गेली की काही मिनिटांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. हृदय कमकुवत असेल तर हे जिवावर बेतू शकतं. माहिती असलेला माणूस दारूला हात लावत नाही, हाच या औषधाचा सगळा उपयोग. ज्याला माहीतच नाही, तो नेहमीसारखा पिणार. त्यात हे झालं तर रस्त्यावर किंवा परांचीवर उभा असताना होईल, आणि डॉक्टरांना कारणही सांगता येणार नाही.

उद्या तो राजी झाला, तर शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्यावर, लिव्हर आणि हृदय तपासून ही गोळी सुरू करता येते. गोळी थांबवल्यावरही १४ दिवसांपर्यंत दारूने त्रास होऊ शकतो. रंगकामात आणखी एक अडचण आहे. पॉलिश आणि थिनरमध्ये अल्कोहोल असू शकतं आणि बंद खोलीत त्याची वाफ नाकातोंडात जाते, तेव्हा त्याचं नेमकं काम डॉक्टरांना सांगा. बहुधा ते दुसरं औषध निवडतील. माउथवॉश, काही खोकल्याची औषधं, दाढीनंतरचं लोशन, वारंवार लावलेलं सॅनिटायझर यांनीही त्रास होऊ शकतो. मेट्रोनिडॅझोल ही जुलाबावरची नेहमीची गोळी डायसल्फिरामबरोबर अजिबात चालत नाही.

तो तयार नसला तरी तुम्ही एकट्या ओपीडीत जाऊन समुपदेशकांना भेटू शकता. त्याच्या वतीने कामावर खोटी कारणं सांगणं थांबवावं का आणि कसं, हे तिथे ठरवता येतं. दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन हे मदतगटही आहेत.

प्रश्न : अफू-हेरॉइनच्या व्यसनावर दिलेली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सकाळी जिभेखाली ठेवतो आणि लगेच कामाचे फोन सुरू होतात. कधी गोळी पुरते, कधी दुपारीच अंग मोडून येतं. शिवाय कामावर लघवीची तपासणी होणार आहे.

उत्तर : फोन आधी बंद करा. ही गोळी जिभेखालच्या त्वचेतून रक्तात जाते. गिळली तर फार थोडी लागू पडते. विरघळायला ५ ते १० मिनिटं लागतात. बोलताना लाळ गिळली जाते आणि औषधही पोटात जातं. तोंड कोरडं असेल तर आधी पाण्याचा एक घोट घ्या, गोळी ठेवा, आणि पूर्ण विरघळेपर्यंत बोलू नका, खाऊ-पिऊ नका. नंतर पाण्याने हळुवार खळखळून ते पाणी गिळा आणि दात घासायला तासभर थांबा, म्हणजे दातांना इजा होणार नाही. गजर १५ मिनिटं अलीकडे लावला की हे सगळं घरातच उरकतं. तरीही दुपारी त्रास होत राहिला तर मात्रा बदलून घ्या; मध्येच बाहेरचं काही घेऊ नका.

अफूच्या नेहमीच्या चाचणीत ब्युप्रेनॉर्फिन सहसा दिसत नाही, त्याची चाचणी वेगळी असते. ती लावली तर निकाल 'आहे' असाच येणार. म्हणून प्रिस्क्रिप्शनची प्रत आणि डॉक्टरांचं पत्र तपासणी करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आधीच द्या. निकालानंतर दिलेला कागद सबब वाटतो. तपासणीआधीचे दोन-तीन दिवस खसखस टाळा. तिच्यात मॉर्फिनचा अंश असतो.

प्रश्न : चार महिने एक थेंब घेतला नव्हता. कामावरच्या निरोपसमारंभात दोन पेग झाले. समुपदेशकांना सांगितलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?

उत्तर : सांगा, आणि आजच. दोन पेगांपेक्षा त्यांच्यानंतरचा 'आता गेलंच सगळं' हा विचार जास्त नुकसान करतो. त्याच्यामागे तिसरा, चौथा आणि दुसऱ्या दिवशीचा खाडा येतो. तुमचे चार महिने कुठे गेलेले नाहीत. झोप, लिव्हर, कामावरचा विश्वास, सगळं तिथेच आहे. आज डायसल्फिराम चालू असेल तर पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. नाल्ट्रेक्सोन किंवा ॲकॅम्प्रोसेट चालू असेल तर ते सहसा बंद करायचं नसतं.

समुपदेशक तुम्हाला त्या संध्याकाळचा तास-तास विचारतील. कोणाशेजारी बसलात, पेला हातात कसा आला, पोटात काय होतं, घरी कसे जाणार होतात. ही उलटतपासणी नव्हे. पुढची योजना तिच्यातूनच निघते. तलफेची एक लाट बहुधा १५ ते ३० मिनिटांत ओसरते, म्हणजे तेवढा वेळ जागा सोडता आली पाहिजे. समारंभाला जायचंच असेल तर स्वतःचा पेला सुरुवातीपासून हातात ठेवा, भाषणं झाली की निघा, आणि निघायच्या वेळेला घ्यायला कोणीतरी येणार, हे आधीच पक्कं करा. पहिले सहा महिने तर असे समारंभ टाळलेलेच बरे. पगाराच्या दिवसाचंही असंच : मोठी रक्कम त्याच दिवशी घरच्या खात्यात आपोआप वळती होऊ द्या.

हेच पत्र हेरॉइन किंवा तत्सम पदार्थाबद्दल असतं, तर उत्तराची सुरुवात वेगळी असती. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरते, आणि पूर्वीच्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. अशा घरात नॅलोक्सोन, म्हणजे अशा पदार्थांचा अंमल उतरवणारं औषध, मिळवून ठेवा आणि ते कसं द्यायचं, हे घरच्यांनी शिकून घ्यावं.

प्रश्न : सिगारेट सोडण्यासाठी निकोटीनचा च्युइंगम कामावर चघळतो. उचकी लागते, जळजळ होते आणि तलफ तशीच राहते.

उत्तर : तुम्ही तो साध्या च्युइंगमसारखा सलग चघळत असणार. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. लाळेबरोबर गिळलं की उचकी आणि जळजळ होते. झणझणीत चव येईपर्यंत सावकाश चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा चावा, जागा बदला. एक तुकडा असा अर्धा तास पुरतो. कॉफी किंवा आंबट पेयानंतर १५ मिनिटं थांबा, कारण तोंड आम्लधर्मी असलं की निकोटीन शोषलं जात नाही. उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचा घ्या. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक तुकडा, तलफेची वाट न बघता. सतत फोनवर बोलायचं काम असेल तर पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी, जास्त सोयीचा. त्याने झोपेत विचित्र स्वप्नं पडू लागली तर रात्री तो काढून ठेवा.